बाबांच्या गाडीची टिकटिक

प्रश्न : नमस्कार. माझ्याकडे वडिलांची चौदा वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे. चार सिलिंडरचं १.२ लिटरचं इंजिन, सव्वा लाख किलोमीटर चाललेलं. बाबा गेल्यावर गाडी विकायची नाही असं मी ठरवलं. दोनेक महिन्यांपासून सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिकटिक ऐकू येते, शिलाई मशीन चालल्यासारखी. दहा-बारा मिनिटं चालवली की आवाज जवळजवळ जातो, पण चढावर किंवा गाडीत पाच माणसं असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुन्हा जाणवतो. एका मेकॅनिकने बॉनेटही न उघडता ‘टॅपेट वाजतंय’ म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. माझे मेव्हणे म्हणतात, जाड ऑइल टाक, आवाज बंद होईल. कुणाचं ऐकू? मला गाडी चालवता येते, तिच्यातलं कळत काही नाही.
ता. क. हल्ली अ‍ॅव्हरेज थोडं उतरलंय आणि सिग्नलला उभी असताना कधीकधी आत धुराचा वास येतो. पण गाडी जुनी आहे, त्यामुळे असेल.

उत्तर : ताई, सुरुवात तुमच्या ता. क.पासून करतो, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. गाडी जुनी झाली म्हणून आत धुराचा वास येत नाही. धूर सायलेन्सरमधून मागे निघून जाण्याऐवजी वाटेत कुठेतरी बाहेर पडतोय म्हणून येतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. तुम्हाला जो वास येतो तो त्याच्या सोबत्यांचा. म्हणजे वास आला की तोही आत आला असं धरून चालायचं. तेव्हा हे काम होईपर्यंत खिडक्या थोड्या उघड्या ठेवून गाडी चालवा, गाडी उभी करून इंजिन आणि एसी चालू ठेवून आत बसू नका, आणि बंद जागेत तर इंजिन सुरूच करू नका. गाडीत बसल्यावर डोकं जड होणं, मळमळणं, गरगरणं असं काही होत असेल तर गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि मोकळ्या हवेत जा. त्रास ओसरला तरी डॉक्टरांना दाखवा. असं झालं तर मग दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी चालवूच नका.

आता टिकटिक. तिघांनी तुम्हाला तीन उत्तरं दिली, पण ‘आवाज नेमका कधी येतो?’ हे एकानेही विचारलेलं दिसत नाही. तुम्ही मात्र ते न विचारताच लिहिलंत आणि छान लिहिलंत. इंजिनच्या आवाजाची जागा कानाने शोधणं भल्याभल्यांना जमत नाही. लोखंडातून आणि अ‍ॅल्युमिनियममधून आवाज पळतो, वर वाजलेलं खाली ऐकू येतं, डावीकडचं उजवीकडे. आवाजाची वेळ मात्र सहसा फसवत नाही. थंड असताना की गरम झाल्यावर, काही सेकंद की काही मिनिटं, भार पडल्यावर की उभ्या गाडीतही, इंजिनच्या तालात की आपल्याच तालात, एवढं कळलं की अर्धे संशयित घरी जातात.

तुमच्या तीन सल्लागारांचे संशयित याच कसोटीवर पाहू.

आधी टॅपेट. इंजिनच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह असतात. हवा-पेट्रोल आत घेणारे ते इनटेक, जळका वायू बाहेर सोडणारे ते एक्झॉस्ट. ते उघडण्याचं काम कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे (कॅम) असलेला फिरता दांडा, करतो. कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा तुकडा म्हणजे टॅपेट, आणि कॅम व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. ती साधारण मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शात असते, इनटेक व्हॉल्व्हला थोडी कमी, एक्झॉस्टला बहुधा थोडी जास्त. झिजून फट वाढली की कॅम व्हॉल्व्हला ढकलण्याऐवजी टपली मारतो. तीच टिकटिक. काही इंजिनांत ही फट हाताने सेट करावी लागत नाही, त्यांत ऑइलने भरलेले छोटे हायड्रॉलिक लिफ्टर असतात. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यांच्यातलं ऑइल थोडं झिरपून जातं, म्हणून सकाळी सुरू केल्यावर ते पाच-दहा सेकंद वाजतात आणि ऑइल पोचलं की गप्प होतात. ऑइल फिल्टरमधली परतझडप खराब असली, म्हणजे फिल्टर रात्रीत रिकामा होत असला, तरी असंच होतं. तुमच्या इंजिनात यांतलं काय आहे ते गाडीच्या पुस्तकात मिळेल.

पण एक गोष्ट दोन्ही प्रकारांना लागू आहे. चढ आहे की उतार, गाडीत एक माणूस आहे की पाच, याच्याशी टॅपेटला काही देणंघेणं नसतं. कॅम व्हॉल्व्हच्या स्प्रिंगशी झगडत असतो, तुमच्या सामानाशी नाही. तुमचा आवाज भार पडला की वाढतो. शिवाय सैल टॅपेट गाडी तापली म्हणून दहा मिनिटांनी शहाणं होत नाही, आणि लिफ्टर थंडपणी वाजला तरी इतका वेळ वाजत नाही. थकलेला लिफ्टर तर उलट गरम झाल्यावर वाजायला लागतो, कारण तेव्हा ऑइल पातळ होतं. म्हणून पहिल्या मेकॅनिकचं निदान मला पटत नाही. ‘टिकटिक म्हणजे टॅपेट’ हे गॅरेजमधलं सगळ्यात सोपं वाक्य आहे, आणि दहातल्या काही वेळा ते बरोबरही असतं, त्यामुळे ते मरत नाही.

टॅपेटचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. पुढे कधी कुणी टॅपेट सेट करून दिलं आणि इंजिन एकदम मुकं झालं, तर खूश होण्याआधी ‘फट मोजून ठेवलीत ना?’ असं विचारा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. फट फार कमी ठेवली तर तो पुरता टेकत नाही, आणि गुपचूप जळतो. जरा वाजणारं टॅपेट वर्षानुवर्षं चालतं, पण आवाज मारण्यासाठी आवळलेलं टॅपेट पुढच्या वर्षी हेड खोलायला लावतं. गाडीला गॅसकिट असेल तर हे दुप्पट खरं आहे, कारण गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट झिजतात आणि फट वाढण्याऐवजी कमी होत जाते.

दुसरा संशयित, ‘इंजिन खोलावं लागेल’वाला. त्या मेकॅनिकच्या मनात कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनला तळातल्या मुख्य दांड्याशी जोडणाऱ्या दांडीचं, बेअरिंग असावं. ते खरोखर गंभीर काम आहे, म्हणून त्याची ओळख करून देतो. बेअरिंगचा आवाज टिकटिक नसतो, ठकठक असतो. जड, दबलेला, तळातून येणारा, दारावर कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तसा. तो भारावर वाढतो हे खरं, पण इंजिन आणि ऑइल गरम झालं की तो जास्त स्पष्ट होतो. तुमचा आवाज गरम झाल्यावर जातो. वेळेचा हिशेब नेमका उलटा आहे. त्यामुळे इंजिन खोलण्याची घाई नको. तरीही पुढे कधी आवाज जड झाला किंवा चालत्या गाडीत लाल ऑइल-कॅनचा दिवा लागला, तर ‘घरापर्यंत जाऊ दे’ असा विचार करू नका. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, प्रेशर दाखवतो, आणि तो लागतो तेव्हा बेअरिंगना वाचवणारा ऑइलचा पातळ थर संपत आलेला असतो. तिथेच इंजिन बंद.

आणि मेव्हण्यांचं जाड ऑइल. ही युक्ती खरंच चालते, हाच तिचा दोष आहे. ऑइल जाड झालं की फटींमध्ये गादीसारखं बसतं, आवाज दबतो, आणि दोष जिथल्या तिथे राहतो. जुन्या गाड्या विकताना ही युक्ती का वापरतात ते तुमच्या लक्षात आलं असेलच. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं जे लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा थंड असताना ऑइल किती वाहतं ते सांगतो आणि दुसरा १०० अंश सेल्सियसला ते किती घट्ट राहतं ते. ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० सांगितलंय त्यात २०डब्ल्यू-५० ओतलं, तर सकाळी सुरू केल्यावर ते वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं. इंजिनची बरीचशी झीज त्याच वेळी होते. मेव्हण्यांना दुखवू नका, पण ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच टाका. ‘इंजिन फ्लश’च्या बाटल्यांबद्दलही माझं मत असंच आहे. ज्या इंजिनचा पूर्वेतिहास माहीत नाही, त्यातला वर्षांचा गाळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकण्याचा धोका मी घेणार नाही. आत गाळ असल्याचा संशय असेल तर चांगलं ऑइल आणि चांगला फिल्टर टाका, हजार-दीड हजार किलोमीटरवर पुन्हा दोन्ही बदला. काम सावकाश होतं, पण होतं.

मग उरतं काय? थंड असताना वाजणारा, इंजिन तापलं की जाणारा, भार पडला की पुन्हा येणारा आवाज. सोबत धुराचा वास आणि उतरलेलं अ‍ॅव्हरेज. माझा संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आहे. गॅरेजच्या भाषेत, मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय किंवा स्टड तुटलाय.

मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरमधून येणारा जळका वायू एकत्र करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारी बिडाची किंवा पत्र्याची फणी. ती अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला स्टड (आटे पाडलेल्या खुंट्या) आणि नटांनी घट्ट बसवलेली असते. हेड आणि मॅनिफोल्ड तापल्यावर सारखे फुगत नाहीत. रोज तापणं, रोज थंड होणं, असं चौदा वर्षं चाललं की एखादा स्टड तुटतो, बहुतेक वेळा टोकाचा, कारण ओढाताण टोकांना जास्त होते. मग पॅकिंग तिथे जळतं आणि प्रत्येक वेळी त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की फटीतून वायूचा एक झटका बाहेर पडतो. फटाका नव्हे, चुटकी. त्या चुटक्यांची मालिका हुबेहूब टॅपेटसारखी ऐकू येते. थंड असताना फट मोठी असते, मॅनिफोल्ड फुगला की ती मिटते, म्हणून दहा मिनिटांनी आवाज जातो. चढावर वायूचा दाब वाढतो, मिटलेली फट पुरेनाशी होते, म्हणून परत येतो.

अ‍ॅव्हरेजचंही उत्तर बहुधा इथेच आहे. दोन झटक्यांच्या मध्ये नळीतला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. नळीत पुढे बसवलेल्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला वाटतं, इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. तो तसं कळवतो, आणि कॉम्प्युटर इमानेइतबारे पेट्रोल वाढवतो. तुम्ही तीन वेगवेगळ्या तक्रारी लिहिल्यात, पण मला ती एकच तक्रार वाटते.

आता इथे बसून मला तुमचं इंजिन ऐकू येत नाही. म्हणून खात्री तुम्ही करायची आहे, आणि ती तुम्हाला जमेल. त्याआधी सैल कपडे, ओढणी आवरा, केस बांधा, आणि चालत्या इंजिनाच्या बेल्ट-पंख्यापासून हात लांब ठेवा. रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

सगळ्यात आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी. माझा संशय कितीही पक्का असला तरी हे पाच मिनिटांचं काम टाळू नका. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. पट्टी काढून पुसा, पुन्हा पूर्ण घाला, काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि वरचे भाग वाजतात, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त असेल तरीही वाजतात, हे कमी जणांना माहीत असतं. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो तळातला मुख्य दांडा, जादा ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने लिफ्टर भरत नाहीत. तेव्हा ‘थोडं जास्त असलेलं बरं’ असं म्हणून वर ओतत बसू नका.

मग मोबाइल घ्या. सकाळी, रात्रभर थंड झालेलं इंजिन, बॉनेट उघडं, गाडी मोकळ्या जागेत. कुणाला तरी गाडी सुरू करायला सांगा आणि सुरू होण्याआधीपासून रेकॉर्डिंग चालू ठेवा. एक मिनिट समोरून, एक मिनिट मॅनिफोल्डच्या बाजूने. तिकडे पत्र्याची उष्णतेची ढाल दिसेल, तीच ती बाजू. शक्य असेल तर आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटाही बोलून नोंदवा. नंतर हे रेकॉर्डिंग पाव वेगाने ऐका. हे मला फार आवडतं, कारण यात मोजणी आहे, मतं नाहीत. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. ८०० आरपीएमवर एका व्हॉल्व्हची टिकटिक मिनिटाला ४०० वेळा होणार, म्हणजे सेकंदाला सहा-सात. पाव वेगाने ऐकलं तर सेकंदाला दीड-पावणेदोन. आरामात मोजता येतात. थंड इंजिनचा आयडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबतानाचा वेग, जास्त असतो, १२०० असेल तर हिशेब त्याप्रमाणे वाढवा. तळातला ठोका क्रँकच्या तालात, म्हणजे याच्या दुप्पट वेगाने येतो.

तुम्ही हुशार आहात, तर लगेच विचाराल की एका सिलिंडरच्या गळक्या पॅकिंगचा तालही निम्माच असणार ना? बरोबर. तालावरून टॅपेट आणि पॅकिंग वेगळे करता येत नाहीत. मोजणीने फक्त इंजिनच्या तळाचे आणि इंजिनशी संबंध नसलेले आवाज बाद होतात. उदाहरणार्थ, आरपीएम वाढवला तरी टिकटिकीचा ताल बदलला नाही, तर ती पेट्रोलच्या वाफा इंजिनात सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची असू शकते. ती सहसा गरम इंजिनावरच ऐकू येते आणि निरुपद्रवी असते. पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर मिळून बारीक, भरभर चिकचिक करतात, तीही जन्मजात. आणि आवाज इंजिनच्या नव्हे तर गाडीच्या वेगाबरोबर बदलत असेल तर आधी टायरच्या खाचांत अडकलेला खडा शोधा. हसू नका, मी एकाच्या गाडीचा हा आजार स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने बरा केलाय.

पॅकिंगसाठीची खरी परीक्षा त्याच थंड सकाळी, पहिल्या मिनिटभरात करायची. मीटरभर लांब रबरी नळी घ्या. एक टोक कानाजवळ धरा, कानात खुपसू नका, आणि दुसरं टोक मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावरून हळूहळू फिरवा. मॅनिफोल्डला टेकवू नका. गळतीच्या जागी आल्यावर टिकटिकीची फुसफुस होते आणि आवाज एकदम नळीतून कानात येतो. टॅपेटचा आवाज नळीत असा उडी मारत नाही, तो सगळीकडे सारखाच राहतो. टॅपेट ऐकायला लांब स्क्रू-ड्रायव्हर लागतो, टोक व्हॉल्व्ह कव्हरवर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर. रबरी नळी हवेतला आवाज पकडते आणि स्क्रू-ड्रायव्हर धातूतला. एवढा फरक लक्षात ठेवलात तर तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे आहात. मिनिटभरानंतर मात्र थांबा, मॅनिफोल्ड फार लवकर तापतो.

इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन सांध्यावर काळी काजळी दिसते का तेही पाहा. पंख्यासारखा पसरलेला काळा डाग दिसला तर केस संपली. दिसला नाही तर मात्र ‘गळती नाही’ असं म्हणू नका, अनेक गाड्यांत तो त्या ढालीखाली लपतो. याच वेळी स्पार्क प्लगच्या मुळाशीही नजर टाका. हे मी अनुभवाने शहाणा होऊन सांगतोय. पूर्वी एकदा माझ्या गाडीत अशीच टिकटिक सुरू झाली. मी स्वतःला फार जाणकार समजत होतो, म्हणून टॅपेट दोनदा सेट करून घेतले. आवाज तसाच. शेवटी प्लगच्या मुळाशी काळं कडं दिसलं. महिनाभरापूर्वी प्लग मीच बदलले होते आणि तिसरा नुसता हाताने फिरवून, पाना न लावता, विसरलो होतो. टॅपेट सेट करणाऱ्या माणसाने मला काही बोलून दाखवलं नाही, ते त्याचं मोठेपण. म्हणून आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. आवाज सुरू होण्याच्या थोडं आधी गाडीचं कुठलं काम झालं होतं का?

एवढ्या सामग्रीवर गॅरेजमध्ये जा. गाडी रात्रीच नेऊन ठेवा. दहा मिनिटं चालवत नेलीत तर आवाज वाटेतच जाईल आणि मेकॅनिक तुमच्याकडे कसा बघेल ते तुम्हाला अनुभवाने माहीत असणार. सकाळी थंड इंजिन त्याच्यासमोर सुरू होऊ द्या. ‘टॅपेट बघा’ किंवा ‘पॅकिंग बदला’ असं न म्हणता तीन वाक्यं सांगा. थंड असताना दहा मिनिटं येतो, भारावर परत येतो, आत धुराचा वास येतो. जाणता माणूस स्वतःच मॅनिफोल्डकडे वळेल. त्याला खात्री करायची असेल तर एक साधी तपासणी आहे. बंद, थंड इंजिन ठेवून सायलेन्सरच्या टोकातून ब्लोअरने हवा सोडायची आणि सांध्यावर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे येतात. दुसरी, चालू इंजिनात एकेका इंजेक्टरचं कनेक्शन क्षणभर काढून पाहणं. ज्या सिलिंडरचं काढल्यावर टिकटिक मऊ पडते, तिथे भाराशी जोडलेला दोष. टॅपेटचा आवाज याने बदलत नाही. हे मात्र मेकॅनिकलाच करू द्या.

काम निघालं तर दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. एक, नुसतं पॅकिंग नको, सगळे स्टड आणि नट नवे. एक तुटलाय म्हणजे त्याचे भाऊही थकलेत. जुने स्टड काढताना एखादा मोडू शकतो आणि मग तो ड्रिलने काढावा लागतो, तेव्हा ‘एक दिवसाचं काम’ दोन दिवसांचं झालं तर भांडू नका. दोन, मॅनिफोल्डची बैठक सपाट पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून तपासायची, वाकलेली असेल तर मशीनवर सपाट करून घ्यायची, आणि चीर तर नाही ना तेही पाहायचं. वाकड्या मॅनिफोल्डवर नवं पॅकिंग फार दिवस टिकत नाही. वरून लेप लावून सांधा बंद करण्याची तयारी कुणी दाखवली तर नको म्हणा. नट मधून बाहेरच्या दिशेने, पुस्तकात दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच मोजून जोराने, आवळायचे. काही इंजिनांत थोडं चालवून झाल्यावर थंड असताना ते पुन्हा तपासायला सांगितलेलं असतं, तेही विचारून घ्या.

आणि मॅनिफोल्ड निर्दोष निघाला तर? मग माझा दुसरा संशय पिस्टनवर. सव्वा लाख किलोमीटरनंतर पिस्टन आणि सिलिंडरमधली फट थोडी वाढते, थंड पिस्टन भिंतीवर आपटतो, तापून फुगला की थांबतो. त्याचीही वेळ बरीच अशीच असते, फक्त आवाज टिकटिकीपेक्षा बोदा असतो आणि त्याने आत धुराचा वास येत नाही. त्या आवाजाबरोबर वर्षानुवर्षं राहता येतं. सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं, मग पहिली काही किलोमीटर रेस न देता हळू न्यायची, ऑइल वेळेवर बदलायचं. उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन तापवत बसू नका, त्याने नुसतं पेट्रोल जातं. पण तसं निघालं तर धुराच्या वासाचा शोध संपलेला नसेल, मग मॅनिफोल्डपासून मागच्या टोकापर्यंत सायलेन्सरचा प्रत्येक सांधा आणि डिकीच्या दाराचं रबर तपासायला सांगा.

दुरुस्तीनंतर पहिल्या थंड सकाळी त्याच जागेवरून पुन्हा एक रेकॉर्डिंग करा आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐका. बारीक चिकचिक उरेल, ती इंजेक्टरची. सेकंदाला सहा ते दहा असा एकच ठसठशीत आवाज उरला असेल, तर दोन्ही रेकॉर्डिंग मला पाठवा.